अंघोळीच्या पाण्याचा जमाखर्च

"सोसायटीच्या इतिहासावर काहीतरी लिहा," असा स्मरणिका समितीचा आग्रह होता. प्लॉट कसा मिळाला, पाया कधी भरला, पहिल्या कमिटीत कोण होतं, हे सगळं या अंकात इतरांनी माझ्यापेक्षा चांगलं लिहिलेलं आहे. म्हणून मी असा विषय घेतला, जो आपल्या बत्तीसही घरांत रोज सकाळी घडतो आणि ज्याचा इतिहास सहसा कुणी लिहीत नाही. तो म्हणजे अंघोळीचं गरम पाणी.

विषय साधा वाटेल. पण येत्या वार्षिक सभेपुढे गच्चीवरचं जुनं सोलर ठेवायचं की काढायचं, हा ठराव आहे. त्यावर हात वर करण्याआधी सभासदांनी पन्नास-साठ वर्षांचा हिशेब एकदा नजरेखालून घालावा, एवढाच हेतू. अडतीस वर्षं बँकेत काढली, त्यामुळे कुठल्याही गोष्टीचा जमाखर्च मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही.

आधी एका बादलीचा हिशेब

एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. हे आपण शाळेत शिकलो. हिवाळ्यात नळाचं पाणी वीस अंशांच्या आसपास असतं, अंघोळीला साधारण बेचाळीस अंश लागतात. म्हणजे वीस लिटरच्या एका बादलीला ४४० किलोकॅलरी. विजेच्या एका युनिटात ८६० किलोकॅलरी असतात. तेव्हा एक बादली म्हणजे विजेचं अर्धं युनिट.

हा आकडा लक्षात ठेवा. चूल असो, बंब असो की गिझर असो, पाण्याला लागणारी उष्णता तेवढीच. बदलत गेलं ते एवढंच, की ती कुठून आली आणि तिची किंमत कुणी मोजली.

चूल आणि वैल

आपलं नगर १४९० साली वसलं. निजामशाहीत शहराला आसपासच्या गावांतून जमिनीखालच्या खापरी नळांनी पाणी आणलं होतं, त्याचं कौतुक आजही होतं आणि ते व्हायलाच हवं. पण पाणी आणण्याची सोय राजाने केली, तरी ते तापवण्याचं काम घरोघरच्या बायकांकडेच राहिलं, आणि ते पुढे साडेचारशे वर्षं तसंच चाललं.

माझ्या लहानपणी, म्हणजे पन्नाशीच्या शेवटी आणि साठीच्या दशकात, खेड्यात पाणी चुलीवरच तापायचं. चुलीला मागे वैल असायचा. पुढे भाकरी चालू असताना वैलावर पाण्याचं भगुलं ठेवायचं, म्हणजे वाया जाणारी आच कामी यायची. माणसं जास्त असली की अंगणात तीन दगडांची वेगळी चूल आणि तिच्यावर हंडा. उकळलेलं पाणी घंगाळात ओतायचं आणि त्यात गार पाण्याचं विसण घालायचं. 'विसण' हा शब्द आता नातवंडांना माहीत नाही, कारण मिक्सरचा नळ फिरवला की विसण आपोआप पडतं.

जळण काय असायचं, ते तालुक्यावर अवलंबून होतं. अकोल्याच्या डोंगराकडे लाकूडफाटा मिळायचा. शेवगाव-नेवाशाकडे कपाशीच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या. कर्जत-जामखेडकडे ज्वारीची धसकटं आणि शेणाच्या गोवऱ्या. ऊस पिकायचा तिथे पाचट आणि चिपाडं. प्रवरानगरला १९५०-५१ च्या हंगामात सहकारी साखर कारखान्याचं पहिलं गाळप झालं. तिथे ऊस पिळून उरलेल्या चोथ्यावरच कारखान्याच्या बॉयलरचं पाणी उकळायचं. 'स्वतःच्या उरलेल्यातून स्वतःची वाफ' हा धडा सहकाराने तेव्हाच घालून दिला होता.

घरच्या चुलीचा हिशेब मात्र इतका चांगला नव्हता. साध्या चुलीत जळणाच्या उष्णतेपैकी दहा-पंधरा टक्केच भांड्याला लागते, बाकी वाऱ्यावर जाते. म्हणजे एका बादलीला जवळपास एक किलो लाकूड. चार माणसांच्या घराला रोज चार किलो. वर्षातले आठ महिनेच गरम पाणी धरलं, तरी टनभर लाकूड केवळ अंघोळीला. ते विकत घेतलेलं नसायचं, म्हणून घरखर्चाच्या वहीत त्याची नोंद शून्य. पण ते वेचून, मोळी बांधून, डोक्यावरून आणलं कुणी? पहाटे चारला उठून फुंकणीने फुंकून डोळे लाल कुणी केले? आई, आजी, थोरल्या बहिणी. सर्वांचं पाणी काढून झाल्यावर त्यांच्या वाट्याला बऱ्याचदा कोमट पाणीच उरायचं. हा खर्च कुठल्याच वहीत चढलेला नाही.

बंब आला

शहरात आणि खात्यापित्या घरांत बंब असायचा. हा शब्द पोर्तुगीजांच्या 'बोंबा'वरून आला. त्यांच्याकडे त्याचा अर्थ पंप. म्हणूनच आग विझवायला येतो तोही बंबच. आपला बंब म्हणजे तांब्या-पितळेचं उभं पिंप, मधोमध धुराड्याची नळी, खाली जाळी आणि राखेची जागा, बाजूला तोटी. आच भांड्याच्या बाहेरून न जाता पाण्याच्या पोटातून वर जाते, त्यामुळे चुलीपेक्षा पुष्कळ कमी जळणात काम होतं. शिवाय जळण कुठलंही चालतं. लाकडाच्या ढलप्या, नारळाच्या करवंट्या, कोळशाचा चुरा, शेंगांची टरफलं, जुनी वर्तमानपत्रं, सगळं बंबाच्या पोटात जायचं. आमच्या पिढीतल्या मुलांना सुट्टीत दोन कामं ठरलेली असत. दळण आणणं आणि बंबाला जळण घालणं.

शहरात लाकडाच्या वखारी होत्या. लाकूड मणावर मिळायचं. मेट्रिक मापं आल्यानंतरही 'मण' तोंडातून जायला बरीच वर्षं लागली. दिवाळीच्या आधी लाकूड भरून ठेवायची घाई असे. नरकचतुर्दशीला पहाटे उटणं लावून अख्ख्या घराची अंघोळ सूर्योदयाआधी उरकायची, म्हणजे बंब मध्यरात्रीनंतरच पेटवावा लागे.

म्हणजे शहरात श्रमाची जागा पैशाने घेतली. वखारीतलं लाकूड तरी कुठून यायचं? कुठल्यातरी डोंगरावरूनच. ते बिल आपल्या जिल्ह्याला पुढे मिळालं.

कुऱ्हाडबंदी

१९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, त्यांना सांगायला नको. माळ उघडे पडलेले, ओढे कोरडे, माणसं खडी फोडायला रोजगार हमीवर. पाऊस कमी होता हे खरंच. पण पडलेला पाऊस धरून ठेवायला डोंगरावर झाडंही राहिली नव्हती. झाडं गेली त्याला कारणं अनेक, आणि चुलीतलं जळण हे त्यांतलं एक.

याच जिल्ह्यात त्यावर उत्तरही शोधलं गेलं. पारनेर तालुक्यातलं राळेगणसिद्धी आणि नगर तालुक्यातलं हिवरे बाजार ही नावं आज जगभर माहीत आहेत. त्यांच्या नियमांत नशाबंदी, चराईबंदी आणि श्रमदान यांच्याबरोबर कुऱ्हाडबंदीही आहे. लोक बंधारे बघायला जातात. मला मात्र कुऱ्हाडबंदी जास्त अवघड वाटते. बंधारा सरकारी पैशातून होऊ शकतो. 'आजपासून झाड तोडायचं नाही' हे मात्र घरोघरच्या चुलीला सांगावं लागतं, आणि मग पाणी कशावर तापवायचं हा प्रश्न दुसऱ्याच सकाळी उभा राहतो.

त्याचं एक उत्तर गोबर गॅस. १९८१-८२ मध्ये केंद्राने बायोगॅसची राष्ट्रीय योजना सुरू केली, तेव्हा आमच्या शाखेतून अशा संयंत्रांना आम्ही कर्ज देत असू. चार-पाच जनावरं असली, रोज पन्नासेक किलो शेण मिळालं, की दोन घनमीटरचं संयंत्र चालतं. आपला जिल्हा दुधाचा, त्यामुळे शेणाला तोटा नव्हता. जिथे घरातल्या माणसांनी रोज शेण-पाणी कालवलं, तिथे ती वर्षानुवर्षं चालली. जिथे अनुदानापुरता उत्साह होता, तिथे खड्डा उरला. वसुलीला फिरताना एक गोष्ट पक्की कळली: यंत्र बसवणं सोपं असतं, रोजची निगा अवघड असते. ही गोष्ट मी पुढे पुन्हा काढणार आहे.

रॉकेल आणि गॅस

शहरात वखारीनंतर स्टोव्ह आला. वातीचा, नाहीतर पंप मारायचा पितळी. रेशनच्या रॉकेलसाठी डबे रांगेत ठेवून माणसं सावलीत बसायची. एका लिटर रॉकेलमध्ये सात-आठ बादल्या तापायच्या. धूर कमी, पण वास आणि काजळी होतीच, आणि पदर पेटल्याच्या बातम्याही होत्या.

गॅसचं कनेक्शन मिळायला तेव्हा नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. नव्वदच्या दशकानंतर ते हळूहळू सुलभ झालं. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण दोनशे बादल्या पाणी शेगडीवर तापतं. म्हणजे चौघांच्या घराला फक्त अंघोळीसाठी एक सिलिंडर सात आठवडे. म्हणूनच २०१२ मध्ये सवलतीच्या सिलिंडरवर वर्षाला सहाची मर्यादा आली (ती पुढे नऊ आणि २०१४ मध्ये बारा झाली), तेव्हा पुष्कळ घरांत पहिली कात्री अंघोळीच्या पाण्याला लागली.

२०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली आणि खेड्यातल्या स्वयंपाकघरात गॅस पोचला. तरी आज गावी गेलात तर बघा. चहा-भाजी गॅसवर आणि अंघोळीचं पाणी बाहेरच्या चुलीवर, वेड्या बाभळीच्या काटक्यांवर. सिलिंडर पाण्यावर घालवणं कुणाला परवडत नाही. चुलीचा जुना हिशेब अजून मिटलेला नाही.

वीज: धूर गेला कुठे?

१९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं आणि पुढच्या दोन-तीन दशकांत वीज गावोगाव पोचली. आधी दिवे, मग मोटारी आणि शेवटी न्हाणीघर. पहिली आली ती बादलीत सोडायची कॉइल, जिला आपण रॉड म्हणतो. दीड हजार वॉटचा रॉड एक बादली वीस मिनिटांत तापवतो. उष्णता सगळी पाण्यातच जाते, त्यामुळे हिशेबाने तो मुळीच वाईट नाही. पण बटण बंद न करता पाण्यात बोट घालून बघायची सवय जिवावर बेतते.

मग गिझर. हे नाव आइसलँडमधल्या 'गेसिर' नावाच्या उकळत्या कारंज्यावरून आलं. लंडनमध्ये १८६८ साली बेंजामिन मॉन नावाच्या माणसाने गॅसवर पाणी तापवणारं यंत्र केलं, आणि त्याला हे नाव पडलं. आपल्याकडे मध्यमवर्गीय घरात गिझर रुळला तो साधारण नव्वदनंतर. आपली इमारत बांधली गेली तेव्हा प्रत्येक बाथरूममध्ये गिझरचा पॉइंट आधीच काढलेला होता.

बटण दाबलं की पाणी. धूर नाही, राख नाही, पहाटे उठणं नाही. आमच्या घरातल्या बायकांच्या दृष्टीने ही क्रांतीच होती, आणि तिला नावं ठेवायचा मला अधिकार नाही. पण धूर नाहीसा झाला का? औष्णिक केंद्रात एका युनिटामागे सहाशे-सातशे ग्रॅम दगडी कोळसा जळतो. म्हणजे आपल्या एका बादलीमागे एकलहरे, कोरडी किंवा चंद्रपूरला पाव ते अर्धा किलो कोळसा पेटतो. आमच्या आजीच्या डोळ्यांतला धूर आता चंद्रपूरच्या माणसाच्या छातीत जातो, इतकाच फरक.

भारनियमनाच्या काळात, म्हणजे २००५ नंतरच्या काही वर्षांत, ऐन सकाळी वीज जायची. तेव्हा आपल्या सोसायटीत बऱ्याच जणांनी गॅस गिझर घेतले. ते काटकसरीचे आहेत, पण एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा सांगतो. बंद बाथरूममध्ये गॅस गिझर लावू नका. हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि माणूस कडी लावलेल्या दाराआड नुसता गुंगत जातो. दर हिवाळ्यात महाराष्ट्रात अशा बातम्या येतात. गिझर बाथरूमच्या बाहेर मोकळ्या हवेत ठेवा, नळी आत घ्या. हा लेख वाचून दोन घरांनी जरी एवढं केलं, तरी स्मरणिकेचा छपाईखर्च वसूल झाला असं मी समजेन.

सूर्याकडून कर्ज

उन्हाने पाणी तापवणं ही काही कालची गोष्ट नाही. अमेरिकेत क्लॅरेन्स केम्पने १८९१ मध्ये अशा यंत्राचं पेटंट घेतलं, आणि १९०९ मध्ये विल्यम बेली या कॅलिफोर्नियातल्या माणसाने पाण्याची टाकी वेगळी करून तिला उबदार वेष्टण घातलं. त्यामुळे दिवसा तापलेलं पाणी रात्री आणि सकाळीही मिळू लागलं. आपल्या गच्चीवरच्या यंत्राचं मूळ तत्त्व तेच. गरम पाणी हलकं होऊन वर टाकीत जातं, गार पाणी खाली येतं, पंपाची गरज नाही.

आपल्याकडे १९८२ मध्ये केंद्रात अपारंपरिक ऊर्जेचा स्वतंत्र विभाग झाला, १९८५ मध्ये राज्यात 'महाऊर्जा' आली. २००५ नंतर घरगुती सोलर हीटरसाठी बँकांमार्फत दोन टक्के व्याजाने कर्ज मिळू लागलं. पुढे भांडवली अनुदान आलं, ते २०१४ मध्ये बंद झालं. आपल्या सोसायटीने सोलर बसवलं ते त्या दोन टक्क्यांच्या काळात. मी नोकरीत कधीच इतक्या स्वस्त दराने कर्ज दिलं नव्हतं!

जिल्ह्यातलं मोठं उदाहरण शिर्डीचं. संस्थानाच्या प्रसादालयाच्या छतावर २००९ मध्ये ७३ मोठे अंतर्वक्र आरसे बसवले गेले. ते सूर्याची उष्णता एकवटून पाण्याची वाफ करतात आणि त्या वाफेवर हजारो भाविकांचा स्वयंपाक होतो. दुष्काळी म्हणून हिणवलेल्या जिल्ह्याकडे ऊन भरपूर आहे, आणि ते भांडवल आहे, हे तिथे डोळ्यांनी दिसतं.

आता ठरावाकडे

आपलं सोलर आज थकलंय. बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी काही नळ्या चोंदल्या आहेत, काही फुटल्या आहेत. खालच्या मजल्यावरच्या वहिनींची तक्रारही खरी आहे. गरम पाणी येईपर्यंत दीड-दोन बादल्या गार पाणी मोरीत जातं, आणि मुळा धरणातून येणारं पाणी असं सोडून देणं कुणालाच पटणार नाही. म्हणून काही तरुण सभासद म्हणतात, हे काढून त्या जागी विजेची पॅनेल लावू, लिफ्ट आणि पंपाचं बिल वाचेल. २०२४ च्या सूर्यघर योजनेत सोसायट्यांच्या सामाईक वापरालाही अनुदान आहे. त्यांचा मुद्दा चुकीचा नाही.

पण जागेचा हिशेब बघा. दोन चौरस मीटरचा सोलर हीटर दिवसाला शंभर लिटर पाणी पस्तीस अंशांनी तापवतो. ही उष्णता म्हणजे चार युनिटं. तीच चार युनिटं पॅनेलवर मिळवायला दहा चौरस मीटर जागा लागते. त्याच गच्चीवर पाणी तापवायला हीटर आणि लिफ्टसाठी पॅनेल, असं दोन्ही बसवलं तरच फायदा पूर्ण मिळतो. हीटर काढले, तर बत्तीस घरं रोज दोन युनिटं धरून सकाळी ६४ युनिटं ओढणार. वर्षातले तीनशे दिवस धरले तर १९,२०० युनिटं. युनिटचा दर सगळे आकार मिळून दहा रुपये धरला, तर एक लाख ९२ हजार रुपये. ते सोसायटीच्या ताळेबंदात दिसणार नाहीत, कारण ते घराघराच्या बिलात वाटले जातील. पण खिसा आपलाच.

माझी सूचना साधी आहे. पाइपांना वेष्टण घालावं. खालच्या मजल्यांसाठी गरम पाणी फिरतं ठेवणारी जोडणी करून घ्यावी, आणि ती होईपर्यंत पहिलं गार पाणी बादलीत धरून फरशीला वापरावं. वर्षातून एकदा क्षार काढण्याचा खर्च देखभालीत कायमचा धरावा. फुटलेल्या नळ्या बदलाव्यात. उरलेल्या गच्चीवर पॅनेल लावावीत. आणि निगा ठेवायला दर वर्षी दोन सभासदांची नावं ठरवावीत. गोबर गॅसच्या खड्ड्यांनी जे शिकवलं, ते विसरू नये.

चुलीच्या काळात गरम पाण्याची किंमत घरातल्या बाईने दिली, वखारीच्या काळात डोंगराने दिली, गिझरच्या काळात ती चंद्रपूरची माणसं देताहेत. गच्चीवरच्या यंत्रात ही किंमत आपण बत्तीस घरांनी मिळून, उघडपणे, देखभालीच्या पावतीवर भरतो. सहकारी सोसायटी म्हणून एकत्र राहण्याचा मला कळलेला अर्थ तोच. सभेला सर्वांनी यावं, मोकळेपणाने बोलावं आणि जो निर्णय होईल तो मिळून पाळावा.

रौप्यमहोत्सवाच्या सर्व सभासदांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना मनःपूर्वक शुभेच्छा!

(लेखक निवृत्त बँक अधिकारी आणि सोसायटीचे संस्थापक सभासद आहेत.)